न दिसणाऱ्याचे वजन : दीर्घिकासमूहांचे वस्तुमान कसे मोजतात?

प्रास्ताविक

बाजारात ज्वारी घ्यायला गेलो की दुकानदार एका पारड्यात वजन ठेवतो, दुसऱ्यात धान्य घालतो, आणि काटा स्थिर झाला की आपण माल पिशवीत घेतो. वजनाला आपला हात लागतो, काटा डोळ्यांना दिसतो, शंका आली तर दुसऱ्या दुकानात माल पुन्हा मोजून घेता येतो. पण जी वस्तू दोन-तीनशे कोटी प्रकाशवर्षे दूर आहे आणि जिचा बहुतांश भाग कोणत्याही दुर्बिणीतून दिसतच नाही, तिचे वजन कोणत्या तराजूत करायचे? आणि केले तरी ते खरे कशावरून मानायचे?

हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. विश्वातील पदार्थाचा फार मोठा हिस्सा 'कृष्णद्रव्य' आहे, असे पुस्तकात छापलेले आपण वाचतो व पाठ करतो. परंतु छापलेले आहे म्हणून ते मान्य करणे हा विज्ञानाचा अभ्यास नव्हे. ते कोणी, कसे मोजले आणि त्या मापात चूक कुठे शिरू शकते, हे समजून घेतले तरच अभ्यास झाला असे म्हणता येईल. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही दुर्बल गुरुत्वीय भिंगाच्या साहाय्याने दीर्घिकासमूहांचे वस्तुमान मोजण्याची पद्धत मांडणार आहोत. बारावीपर्यंतचे गणित ज्यांना येते त्यांना ती पूर्ण समजेल, अशी आम्हांला खात्री आहे.

दीर्घिकासमूह म्हणजे काय?

आपला सूर्य हा आकाशगंगा नावाच्या दीर्घिकेतील एक तारा. तिच्यात दहा हजार कोटींहून अधिक तारे आहेत. अशा शेकडो, कधी हजारभर दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या जाऊन एकत्र नांदतात, त्यास दीर्घिकासमूह म्हणतात. एका मोठ्या समूहाचा विस्तार एक कोटी प्रकाशवर्षांच्या घरात असतो. अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एबेल यांनी १९५८ साली अशा २,७१२ समूहांची यादी प्रसिद्ध केली. पुढे 'एबेल' हे नाव आणि क्रमांक आला की तो या यादीतील समूह समजावा.

गुरुत्वाकर्षणाने बांधलेली विश्वातील सर्वांत मोठी कुटुंबे ती हीच. म्हणून त्यांचे वजन कळले की विश्वात एकूण किती पदार्थ आहे आणि तो कसा एकत्र येत गेला, याचा अंदाज बांधता येतो.

जुने दोन तराजू

पहिला तराजू वेगाचा. शेतात राखण करणारा माणूस गोफण फिरवतो तेव्हा दगड जितका वेगाने फिरेल तितकी दोरी घट्ट धरावी लागते. त्याचप्रमाणे समूहातील दीर्घिका जितक्या वेगाने फिरतात तितके त्यांना धरून ठेवणारे गुरुत्वाकर्षण, म्हणजेच वस्तुमान, अधिक असले पाहिजे. स्विस शास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकी यांनी १९३३ साली अरुंधती केश म्हणजेच कोमा तारकासमूहाच्या दिशेने असलेल्या दीर्घिकासमूहास हा न्याय लावला. तेथील दीर्घिकांचे वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या आसपास विखुरलेले होते. दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वस्तुमानाने त्या एकत्र राहणे शक्यच नव्हते. कित्येक पट अधिक वस्तुमान हवे होते. झ्विकी यांचा मूळ आकडा काहीशे पटींचा होता. पुढे अंतरांची मोजमापे सुधारली, तसा तो बराच खाली आला. पण 'दिसते त्याहून पुष्कळ अधिक आहे' हा निष्कर्ष टिकला.

दुसरा तराजू उष्णतेचा. समूहातील दीर्घिकांमधल्या मोकळ्या जागेत अत्यंत विरळ वायू असतो. त्याचे तापमान एक कोटी ते दहा कोटी अंश असल्याने तो क्ष-किरण सोडतो. इतका तापलेला वायू निसटून जात नाही, याचा अर्थ त्याला कोणीतरी दाबून धरले आहे. त्याचे तापमान व घनता यांवरून वस्तुमान काढता येते.

दोन्ही तराजू उपयोगी आहेत. परंतु दोहोंत एक गृहीत दडलेले आहे. समूह शांत आहे, त्यातील हालचाली समतोलात आहेत, असे धरावे लागते. प्रत्यक्षात पुष्कळ समूह परस्परांवर आदळत असतात किंवा नुकतेच आदळून गेलेले असतात. काटा हलत असताना वजन वाचण्यासारखाच हा प्रकार होय. म्हणून ज्याला समतोलाची गरज नाही, असा तिसरा तराजू हवा होता. तो प्रकाशाने दिला.

प्रकाश वाकतो तेव्हा

आइनस्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षतावादानुसार वस्तुमानाजवळून जाणारा प्रकाशकिरण वाकतो. किती वाकतो याचे सूत्र सोपे आहे : गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान गुणिले ४, या गुणाकाराला प्रकाशवेगाचा वर्ग आणि किरणाचे वस्तुमानापासूनचे लघुतम अंतर यांच्या गुणाकाराने भागावे. सूर्याच्या कडेला चाटून जाणाऱ्या किरणासाठी हे उत्तर १.७५ विकला येते. एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला. सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरवरून पाहिले तर ते जवळजवळ एक विकला एवढे दिसेल. यावरून हा कोन किती बारीक आहे ते ध्यानात यावे. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या दोन तुकड्यांनी आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावरून आणि ब्राझीलमधील सोब्रालहून हे मोजले आणि आइनस्टाइन यांचे भाकीत खरे ठरले.

येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. सूत्रात फक्त वस्तुमान आहे. ते तारे आहेत की वायू की आणखी काही, तापलेले आहे की थंड, स्थिर आहे की धावते, याची प्रकाशाला पर्वा नाही. जेवढे वस्तुमान, तेवढे वाकणे. या तराजूचे सारे महत्त्व त्यात आहे.

१९३७ साली झ्विकी यांनीच सुचवले होते की संपूर्ण दीर्घिका भिंगासारखी वागेल आणि त्यावरून तिचे वस्तुमान मोजता येईल. या सूचनेला बेचाळीस वर्षे थांबावे लागले. १९७९ साली एकाच क्वासारची दोन बिंबे शेजारी शेजारी दिसली आणि पहिले गुरुत्वीय भिंग सापडले. १९८७ च्या सुमारास एबेल ३७० या समूहाभोवती प्रकाशाची एक लांबलचक कमान आढळल्याचे फ्रान्स आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे जाहीर केले. १९८८ मध्ये सिद्ध झाले की ती कमान समूहाची नाही. समूहाच्या कितीतरी मागे असलेल्या एका दीर्घिकेचे ते ताणले गेलेले बिंब आहे.

सबल भिंग आणि दुर्बल भिंग

काचेच्या पेल्याचा जाड तळ छापील कागदावर धरून हलवला की मधली अक्षरे कमानीसारखी वाकतात, दुप्पट दिसतात. हे सबल भिंग. मधल्या भागापासून दूरची अक्षरे मात्र किंचितच तिरपी होतात, इतकी किंचित की मूळ अक्षर ठाऊक नसेल तर फरक कळणारही नाही. हे दुर्बल भिंग.

सबल भिंगाच्या कमानी समूहाच्या गाभ्यापुरत्या दिसतात. समूहाचे बरेचसे वस्तुमान मात्र बाहेरच्या विस्तीर्ण भागात असते. संपूर्ण समूहाचे वजन हवे तर दुर्बल भिंगाकडेच वळावे लागते. अडचण अशी की तेथे मागच्या दीर्घिकेचे बिंब फार तर काही टक्क्यांनी ताणलेले असते. आणि ती दीर्घिका मुळात गोल होती की लांबट, हे आपल्याला कोणीच सांगत नाही.

ही अडचण कशी सुटते ते घरातल्या एका उदाहरणाने समजावून घेऊ. परातीत मूठभर तांदूळ पसरा. प्रत्येक दाणा लांबट आहे, पण प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. सर्व दिशांची सरासरी काढली तर कोणतीच दिशा उरत नाही. आता परातीच्या मध्याभोवती हलक्या हाताने गोल बोट फिरवा. प्रत्येक दाणा थोडासाच वळेल. एखादा दाणा उचलून पाहिला तर तो बोटामुळे असा पडला की मुळातच तसा होता, हे सांगता येणार नाही. पण शंभर दाण्यांची सरासरी घेतली तर त्यांचा कल मध्याभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने झाला आहे, हे उघड होईल. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण येथे चालत नाही. येथे सारे पातेले तपासावे लागते.

मागच्या दीर्घिका म्हणजे हे तांदळाचे दाणे आणि समूहाचे गुरुत्वाकर्षण म्हणजे ते फिरणारे बोट. दीर्घिकांची बिंबे समूहाच्या केंद्राभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शरेषेच्या दिशेने किंचित लांबतात. या सरासरी लांबण्याला आम्ही येथे 'ताण' म्हणू.

हा ताण प्रथम पकडणे सोपे गेले नाही. अँथनी टायसन व सहकाऱ्यांनी १९८४ साली छायाचित्रण काचांवरील हजारो दीर्घिका मोजून एकेकट्या दीर्घिकांभोवतीचा ताण शोधला. तो मिळाला नाही. त्यांनी प्रयत्न सोडला नाही. अधिक संवेदनशील इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आल्यावर १९९० साली टायसन, व्हाल्डेस आणि वेंक यांनी एबेल १६८९ व आणखी एका समूहामागील अंधुक निळसर दीर्घिकांच्या मांडणीत तो स्पष्ट दाखवला. १९९३ मध्ये निक कायझर आणि गॉर्डन स्क्वायर्स यांनी ताणाच्या मोजणीवरून थेट वस्तुमानाचा नकाशा काढण्याची गणिती रीत दिली. तेथून हा विषय खऱ्या अर्थाने उभा राहिला.

मोजणीच्या पायऱ्या

१. समूहाची व त्याच्या आजूबाजूच्या आकाशाची दीर्घ प्रकाशनाची छायाचित्रे वेगवेगळ्या रंगांच्या गाळण्यांतून घेणे.

२. रंगांवरून प्रत्येक दीर्घिकेची ताम्रसृती, म्हणजे तिचा प्रकाश तांबड्याकडे किती सरकला आहे, हे काढणे व त्यावरून तिचे अंतर अजमावणे. समूहाच्या अलीकडच्या व समूहातल्या दीर्घिका वगळून फक्त मागच्या ठेवणे.

३. त्याच छायाचित्रातील ताऱ्यांची बिंबे तपासणे. तारे आपल्याच आकाशगंगेतले, समूहाच्या कितीतरी अलीकडचे. त्यांच्यावर भिंगाचा परिणाम होत नाही. ते बिंदूसारखे दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर तो दोष वातावरणाचा वा दुर्बिणीचा आहे. तो मोजून दीर्घिकांच्या आकारांतून काढून टाकणे.

४. प्रत्येक मागच्या दीर्घिकेचा लांबटपणा आणि दिशा मोजणे.

५. समूहाच्या केंद्राभोवती कडी आखून प्रत्येक कड्यातील स्पर्शरेषेच्या दिशेचा सरासरी ताण काढणे.

६. या ताणांवरून वस्तुमान काढणे.

सहाव्या पायरीतील गणिताचा गाभा असा : एखाद्या कड्यातील सरासरी ताण म्हणजे त्या कड्याच्या आतील सरासरी पृष्ठघनता वजा कड्यावरील पृष्ठघनता, दोन्ही योग्य एककात. म्हणजे ताण आपल्याला घनता सांगत नाही, घनतेतील फरक सांगतो.

एक सोडवलेले उदाहरण

विद्यार्थ्यांनी हे उदाहरण कागद-पेन्सिल घेऊन करावे. आकडे आम्ही सोयीसाठी निवडले आहेत. तरी ते एखाद्या जड समूहाला शोभतील असेच आहेत.

समूहाच्या केंद्रापासून ४ कला ते ६ कला यांमधील कडे घेऊ. पूर्णचंद्राचा व्यास सुमारे ३० कला असतो, म्हणजे हे कडे चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही लहान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६३ चौरस कला. दर चौरस कलेत मागच्या १५ दीर्घिका उपयोगी पडल्या, तर एकूण सुमारे ९०० दीर्घिका मिळतात.

एका दीर्घिकेचा स्वतःचा लांबटपणा सरासरी ०.३ एवढा गोंधळ घालतो. ९०० दीर्घिकांची सरासरी घेतली की हा गोंधळ ९०० च्या वर्गमुळाने, म्हणजे ३० ने, कमी होतो. उरते ०.०१. समजा कड्यातील सरासरी ताण ०.०५ आला. म्हणजे मोजलेला परिणाम अनिश्चिततेच्या पाचपट आहे. तो योगायोग म्हणून झटकून टाकता येणार नाही. केवळ १०० दीर्घिका असत्या तर गोंधळ ०.०३ उरला असता आणि आपण छातीठोकपणे काहीच म्हणू शकलो नसतो.

आता सोपे प्रतिमान घेऊ. त्यात घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. या प्रतिमानात ताणाची दुप्पट गुणिले केंद्रापासूनचा कोन केले की 'आइनस्टाइन त्रिज्या' मिळते. कड्याचा मध्य ५ कला, म्हणजे ३०० विकला. २ × ०.०५ × ३०० = ३० विकला.

आइनस्टाइन त्रिज्येच्या आतील वस्तुमान काढण्यासाठी प्रकाशवेगाचा वर्ग, त्या कोनाचा रेडियनमधील वर्ग आणि अंतरांची संमिश्र राशी यांचा गुणाकार करून त्यास गुरुत्व स्थिरांकाच्या चौपटीने भागावे. संमिश्र राशी म्हणजे समूहाचे अंतर गुणिले मागच्या दीर्घिकेचे अंतर भागिले त्या दोघांमधले अंतर. ती ३२६ कोटी प्रकाशवर्षे धरू. ३० विकला म्हणजे ०.०००१४५ रेडियन. उत्तर सुमारे २.२ गुणिले १० चा ४४ वा घात इतके किलोग्रॅम येते. सूर्याच्या वस्तुमानाने भागले की सुमारे १.१ कोटी कोटी सूर्य. या प्रतिमानात दृष्टिरेषेवरील एकूण वस्तुमान त्रिज्येच्या प्रमाणात वाढते. म्हणून दहापट त्रिज्येच्या, म्हणजे ५ कलांच्या आत सुमारे ११ कोटी कोटी सूर्यांइतके वस्तुमान आहे. ताणातील अनिश्चितता पाचात एक, म्हणून वस्तुमानातही तेवढीच : ११ कमी-अधिक २ कोटी कोटी.

आकाशाच्या एवढ्याशा तुकड्यातील अंधुक ठिपक्यांचे आकार मोजून आपण कोट्यवधी कोटी सूर्यांचे वजन काढले. त्यात जादू नाही. सरासरी, वर्गमूळ आणि भूमिती आहे.

मापात पाप कुठे शिरते?

खरा अभ्यास येथून पुढे सुरू होतो. तराजू चांगला असला तरी तोलणाऱ्याने सावध राहावे लागते.

पहिला धोका आकारांचा. वातावरणाच्या थरथरीने दीर्घिकेचे बिंब पसरते आणि त्यामुळे खरा लांबटपणा कमी भासतो. ताऱ्यांच्या साहाय्याने दुरुस्ती केली नाही तर वस्तुमान कमी निघते.

दुसरा धोका सरमिसळीचा. समूहातलीच एखादी दीर्घिका मागची समजून मोजली तर तिच्यावर ताण नसल्याने सरासरी पातळ होते, जसे दुधात पाणी.

तिसरा धोका मूलभूत आहे. आपण पाहिले की ताण फक्त घनतेतील फरक सांगतो. समूहावर सर्वत्र सारख्या जाडीचा वस्तुमानाचा पडदा अंथरला तर ताणात त्याचा पत्ताच लागणार नाही. यावर उपाय म्हणून केंद्रापासून खूप दूरपर्यंत मोजणी करतात, जेथे समूहाची घनता जवळजवळ शून्य झालेली असते. किंवा समूहाच्या रचनेचे प्रतिमान गृहीत धरतात.

चौथा धोका दिशेचा. समूह चेंडूसारखा गोल नसतो. लांबट समूहाचे टोक आपल्याकडे असेल तर तो आहे त्याहून जड वाटतो. त्याच दृष्टिरेषेवर दुसरा पदार्थ असेल तर तोही वजनात धरला जातो. म्हणून एकेका समूहाच्या वजनात वीस टक्के वा अधिक फरक राहू शकतो. अनेक समूहांची सरासरी घेतली की तो आटोक्यात येतो.

आणि एक सुंदर कसोटी आहे. प्रत्येक दीर्घिकेची मोजलेली दिशा ४५ अंशांनी फिरवून तीच सरासरी पुन्हा काढायची. गुरुत्वीय भिंग असा फिरवलेला ताण निर्माण करू शकत नाही, म्हणून उत्तर शून्य यायला हवे. आले नाही तर मोजणीत खोट आहे. स्वतःच्या मापातील खोट शोधण्याची सोय याच पद्धतीत आहे, हे आम्हांला विशेष मोलाचे वाटते.

आदळलेले दोन समूह

आता ज्या प्रसंगी हा तराजू खरोखर कसाला लागला तो पाहू. दक्षिण आकाशात 'बुलेट क्लस्टर' या नावाने ओळखली जाणारी समूहांची एक जोडी आहे. त्यातील लहान समूह मोठ्याच्या आरपार गेला आहे. टक्करीत दोहोंतील तप्त वायू एकमेकांत अडकून मागे पडला. क्ष-किरण चित्रात तो बंदुकीच्या गोळीने हवा कापावी तसा दिसतो. दीर्घिका मात्र एकमेकींपासून दूर दूर असल्याने न आदळता पुढे निघून गेल्या.

अशा समूहात ताऱ्यांपेक्षा वायूचे वस्तुमान कितीतरी पट अधिक असते. म्हणून कृष्णद्रव्य नसेल आणि दिसणारा पदार्थ हाच सर्व काही असेल, तर भिंगाचे वजन वायूच्या जागी भरले पाहिजे. डग्लस क्लोव व सहकाऱ्यांनी २००६ साली दुर्बल भिंगाने वस्तुमानाचा नकाशा काढला. वजन वायूजवळ नव्हते. ते पुढे गेलेल्या दीर्घिकांबरोबर होते, आणि हा फरक अनिश्चिततेच्या आठपट होता. वजनाचा मोठा भाग न दिसणाऱ्या आणि आपसांत फारसा न आदळणाऱ्या पदार्थाचा आहे, याचा हा बळकट पुरावा मानला जातो. समतोलावर विसंबणारे जुने तराजू येथे निरुपयोगी ठरले असते.

पण कथा एवढ्यावर संपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एबेल ५२० हाही आदळलेला समूह. तेथे २००७ मध्ये एका गटाला वायूच्या जागी, जेथे दीर्घिका फारशा नाहीत, वस्तुमानाचा ढीग आढळला. बुलेट क्लस्टरच्या नेमके उलट! २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून एका अभ्यासाने तो ढीग पुन्हा दाखवला, तर त्याच वर्षी क्लोव यांच्या गटाला हबलच्याच अन्य चित्रांत तो सापडला नाही. समूह एकच आणि पद्धत एकच, तरी उत्तरे दोन. विद्यार्थ्यांनी यातून निराश होऊ नये. मापे उघड मांडली जातात, दुसरा ती तपासतो, मतभेद लपवले जात नाहीत. विज्ञानाची विश्वासार्हता यावरच उभी आहे.

या वजनावर काय अवलंबून आहे?

२०१३ साली युरोपच्या प्लांक उपग्रहाच्या मोजणीतून एक पेच उभा राहिला. विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणावरून आज जितके जड समूह असायला हवेत, त्याहून कमी मोजले गेले. एक तर विश्वाच्या वाढीबद्दलच्या आपल्या समजुतीत काही उणे होते, किंवा समूहांची वजने चुकली होती. वायूवर आधारलेली वजने सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाली असतील तर हिशेब जुळत होता. म्हणून पुन्हा दुर्बल भिंगाकडे धाव घेतली गेली. 'वेईंग द जायंट्स', अर्थात 'महाकायांचे वजन', या प्रकल्पाने २०१४ मध्ये प्लांकची वजने सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे सांगितले. अन्य गटांनी ही तूट त्याहून कमी असल्याचे म्हटले. वाद काही वर्षे चालला. २०२४ साली इरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीच्या ५,२५९ समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील वजनांचे प्रमाण दुर्बल भिंगावरून ठरवले होते, आणि त्याचे उत्तर प्लांकच्या अपेक्षेशी जुळले. सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. परंतु ज्या मापावर सर्वांनी हिशेब तपासला ते माप हेच होते.

आपल्याकडील काम

हे सारे परदेशातच चालते, असा समज करून घेऊ नये. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात डी. नरसिंह, कंदास्वामी सुब्रमण्यन आणि शशिकुमार चित्रे यांनी १९७९ च्या त्या जुळ्या क्वासारच्या भिंगाची गणिती प्रतिमाने मांडली. पुण्याच्या आयुका संस्थेतील सुरहुद मोरे हे जपानच्या सुबारू दुर्बिणीवरील 'हायपर सुप्रीम कॅम' सर्वेक्षणाच्या दुर्बल भिंगविषयक कामात अग्रभागी आहेत. त्या सर्वेक्षणाचे तीन वर्षांच्या निरीक्षणांवरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले.

पुढील काळात कामाला माणसे कमी पडतील, इतकी सामग्री येत आहे. युक्लिड ही अवकाश दुर्बीण १ जुलै २०२३ रोजी सोडण्यात आली. आकाशाच्या सुमारे एक तृतीयांश भागातील शंभर कोटींहून अधिक दीर्घिकांचे आकार मोजणे हे तिचे उद्दिष्ट आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रे जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. या कामाला महागडी दुर्बीण स्वतःजवळ असावी लागत नाही. अशा सर्वेक्षणांची बरीच माहिती ठरावीक काळाने सर्वांसाठी खुली होते. संगणक आणि संख्याशास्त्र येणारा विद्यार्थी ती घेऊन बसू शकतो.

समारोप

एकट्या दीर्घिकेला विचारले तर ती काहीच सांगत नाही. नऊशे जणींना विचारले, प्रत्येकीचा स्वतःचा कल बाजूला ठेवला, आपल्या दुर्बिणीचा दोष वजा केला, शेवटी आपले उत्तरही ४५ अंशांनी फिरवून तपासले, तेव्हा कुठे न दिसणाऱ्याचे वजन हाती येते. कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे आजही कोणाला ठाऊक नाही. पण ते किती आहे आणि कुठे आहे, हे आपण मोजू शकतो. न दिसणाऱ्याविषयी बोलायचे तर असे मोजून, त्रुटीसह बोलावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. वरील उदाहरणात कड्यातील दीर्घिका ९०० ऐवजी ३,६०० असत्या तर अनिश्चितता किती झाली असती?

२. ताण ०.०५ ऐवजी ०.०४ आला, तर आइनस्टाइन त्रिज्या व ५ कलांच्या आतील वस्तुमान किती निघेल?

३. दर दहा दीर्घिकांमागे दोन समूहातल्याच असून चुकून मागच्या धरल्या, तर ०.०५ हा खरा ताण किती भासेल? यामुळे वस्तुमान कमी निघेल की जास्त?

४. समूहावर सारख्या जाडीचा वस्तुमानाचा पडदा असेल तर तो ताणात का दिसत नाही, ते 'आतील सरासरी वजा कड्यावरील' या नियमाने स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.